कंदासकट पुरलेली केळ

तो सूर म्बुसाने ऐकला त्याला आता चव्वेचाळीस वर्षं होतील. लांबट, ओलसर, जरासा घोगरा. रिकाम्या तुंब्याच्या तोंडाशी ओठ नेऊन कुणी हलकेच फुंकावं तसा. तो बर्फाच्या पोटातून आला होता. आला, थांबला, पुन्हा आला. दुपारभर येत राहिला.

पुढे म्बुसाचा संसार झाला, मुलं झाली, त्याने लावलेली कॉफीची झाडं मोठी होऊन म्हातारीही झाली. तो सूर मात्र होता तेवढाच राहिला. चुलीवरचं पाणी आधण येण्याआधी जरा गुणगुणतं ना, त्यातसुद्धा तो त्याला ऐकू यायचा. मग तो उठायचा, झाकण बाजूला सारायचा आणि अंगणात जाऊन बसायचा. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला धूर सोसत नाही.

कंदिलाची वात जरा खाली करा, डोळ्यांवर येते आहे. हां.

आमच्या र्‍वेनझोरी डोंगराच्या उतारावर पावा एकट्याने वाजवायचा नसतो. बांबूच्या नळ्या असतात, बुडाशी बंद, आणि एका नळीतून एकच सूर निघतो. दहा माणसं गोल फिरतात, ज्याची पाळी येईल तो फुंकतो, तेव्हा कुठे गाणं होतं. ज्याची नळी त्याची. म्बुसाची नळी चौथी. तिसरी त्याच्या थोरल्या भावाची. आमच्यात नावं जन्माच्या क्रमाने पडतात; घरातला पाचवा मुलगा म्हणून तो थेंबो, आणि सहावा म्हणून हा म्बुसा. थेंबोने सूर सोडला की म्बुसाने उचलायचा, हे दोघांच्या अंगवळणी पडलेलं होतं. बर्फाखालून आलेला सूर तिसऱ्या नळीचा होता.

गावाला एवढंच ठाऊक होतं, की परदेशी पाहुण्यांची ओझी वाहताना थेंबो बर्फाच्या भेगेत पडला आणि पडताक्षणी गेला. देह मिळाला नाही. देह मिळाला नाही की आमच्यात त्या माणसाच्या नावाने केळीचा खांब पुरतात. त्याला नव्या कापडात गुंडाळायचं, त्याच्यावर रडायचं, आणि मग माणूस मेला असं सगळ्यांनी धरून चालायचं. बायको मोकळी होते, ती पाठच्या भावाकडे येते. खांब कापायचं कामही पाठच्या भावाचंच. तो बुडाशी छाटून घ्यायचा, कंद जमिनीत राहू द्यायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्बुसाने तो कंदासकट उपटला आणि तसाच पुरला.

पाऊस सुरू झाला आणि कबरीतून कोंब वर आला.

वडीलधारे म्हणाले, पोर भांबावलं होतं, चुकलं. त्यांनी कोंब मोडला. पुन्हा आला. पुन्हा मोडला. तिसऱ्यांदा कोयता घेऊन आले तेव्हा थेंबोची बायको इथुंगू पोटाशी तान्ही मुलगी बांधून आडवी उभी राहिली. तिने फार काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, की आधी मला तोडा. तेव्हापासून ती केळ तिथे आहे. एक खांब घड देऊन आडवा व्हायचा, शेजारी बुडातून मुनवा, म्हणजे नवं रोप, फुटलेला असायचा. तिची केळी कुणी खाल्ली नाहीत. पिकायची, गळायची. माकडंदेखील फिरकायची नाहीत.

इथुंगू रिवाजाप्रमाणे म्बुसाकडे आली. तो तिला कधी उणं बोलला नाही, थेंबोची मुलगी बीरा हिला त्याने खांद्यावर वाढवलं, पुढे दोन मुलगे झाले. पण इतक्या वर्षांत एकटा असला की तो मनातल्या मनात इथुंगूला वहिनीच म्हणायचा.

ही बीरा मोठी झाली आणि डोंगराची वाटाड्या झाली. बाई असून झाली. तिच्या जिभेपुढे पुरुष हमाल टिकत नसत. दरवर्षी पावसाआधी ती एक काम करायची. वर जायचं, बर्फाची कड कुठवर आली ते पाहायचं, तिथल्या खडकावर लाल रंगाने एक आडवी रेघ आणि खाली एक ठिपका काढायचा, बर्फात रोवलेल्या मापाच्या नळीवरचा आकडा लिहून आणायचा. खाली बर्फ मोजणाऱ्यांच्या कार्यालयात तो आकडा द्यायचा की झालं.

यंदा जेवताना ती म्हणाली, की ही खेप बहुतेक शेवटची. मापाची नळीच काढून आणायला सांगितलंय. पुढच्या वर्षी मोजायला काही उरायचं नाही.

इथुंगू घेवडा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "केळीलाही यंदा मुनवा फुटला नाही."

मग म्बुसा म्हणाला, की मीही येतो.

"तुम्ही?" बीरा हसली. "बाबा, परवा अंगणातून परसात जाताना तुमचे गुडघे वाजत होते. वर बिबट्या झोपलेला असतो. जागा होईल बिचारा."

निघायच्या सकाळी इथुंगूने त्याला परसात बोलावलं. तिला वर्षभर छातीचं दुखणं होतं, चार पावलं चालली की ती कशाला तरी धरून उभी राहायची. आता ती कबरीवरच्या केळीला धरून उभी होती. घडातली पहिली दोन केळी पिवळी झाली होती. ती तिने तोडली आणि पानात बांधून त्याच्या हातात दिली.

"ज्याच्या अंगावर वाढली त्याने खावीत," ती म्हणाली. "आणि त्याला विचारून ये, माझी जागा कुठे खणायची. इथे, की तुझ्या शेजारी."

म्बुसाने पानाची गाठ आवळली.

"बर्फ आहे तोवर जा. विचारायचं ते विचार." ती जरा थांबली. "सांगायचं ते सांग."

तिला काय ठाऊक होतं आणि किती, हे त्याने चव्वेचाळीस वर्षं विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही.

जंगल सुरू होतं तिथे डोंगराच्या धन्याची गवताची खोपी आहे, गुडघ्याएवढी. तिथे घासभर ठेवायचं, आपलं नाव, बापाचं नाव आणि कामाचं कारण सांगायचं. बीराने सांगितलं, थेंबोची मुलगी, रंग लावायला चालले. म्बुसाने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि तो अडला.

"कारण सांगा, बाबा. नाहीतर धनी म्हणेल, म्हातारा वाट चुकून आला."

"परत आलोय," म्बुसा हळूच म्हणाला.

पहिला दिवस झाडीत गेला. दुसऱ्या दिवशी बांबू संपला आणि बोलणंही संपलं, कारण बांबूच्या वरच्या भागात मोठ्याने बोलत नाहीत. गेलेल्याचं नाव घेत नाहीत. बर्फाकडे बोट दाखवत नाहीत, मूठ दाखवतात. शेवाळाच्या दाढ्या लोंबणाऱ्या झाडांतून ते चालले. खाली चिखल, गुडघ्यापर्यंत. गवताच्या गड्ड्यांवरून उड्या मारत जायचं. म्बुसाच्या पायांना ती वाट आठवत होती. डोकं विसरलं असेल, पाय विसरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी शेवटचं तळं मागे पडलं. डोक्यावर कोबीचे गड्डे घेऊन उभ्या असलेल्या माणसांसारखी ती उंच झाडं विरळ झाली. वास बदलला. ओल्या दगडाचा, गंजक्या कोयत्यासारखा वास. आणि मग बीराच्या रेघा दिसायला लागल्या.

सर्वांत जुनी सर्वांत खाली. रेघ आणि ठिपका. मग चढण. पुन्हा रेघ आणि ठिपका. दोन रेघांमधलं अंतर वर वर वाढत गेलं होतं. बर्फ आधी हळू चालत होता, मग धावायला लागला होता.

बसलेल्या गाईसारख्या एका टेकडीएवढ्या खडकापाशी म्बुसा थांबला. हा खडक त्याच्या ओळखीचा होता. त्या काळी याची फक्त पाठ बर्फाबाहेर असायची. भेग याच्या पलीकडे दहा पावलांवर होती. आता तिथे उघडा कातळ होता, खरडून गुळगुळीत झालेला, त्यावरून बोटभर पाणी वाहत होतं. तो तिथवर गेला आणि त्याने वर पाहिलं. त्या दिवशी तो याच जागी उभा होता, पण त्याचे पाय तिकडे वर होते, चाळीस हात उंच, जिथे आता नुसती हवा होती. आज तो उभा होता तिथे खाली, अंधारात, थेंबो होता.

त्याने वाकून कातळ चाचपला. हाड नाही, कापडाचा धागा नाही. काहीच नाही.

बीरा वर गेली होती. बर्फ आता गावात वाळत घातलेल्या मळक्या चादरीएवढा उरला होता. तिने रेघ ओढली, ठिपका दिला, रंगाचा डबा टोपलीत ठेवला. तेवढ्यात खालून धुकं आलं. दुपार नुकतीच उलटली होती, पण हात पुढे केला तर बोटं दिसेनात. सगळं पांढरं.

आणि त्या पांढऱ्यातून तो आला. लांबट, ओलसर, घोगरा.

म्बुसा कातळावर बसला.

"मापाची नळी आहे, बाबा," बीराचा आवाज आला. "पोकळ असते. वारा भरतो तिच्यात." तिने ती उपसून काढल्याचा आवाज झाला. कातळावर आडवी ठेवल्याचाही झाला.

वारा नव्हता. धुकं जागच्या जागी उभं होतं.

सूर पुन्हा आला.

बीरा चाचपडत खाली आली आणि म्बुसाला खेटून बसली. लहानपणी वीज कडाडली की बसायची तशी.

"बीरा," म्बुसा म्हणाला, "तुझा बाप पडला तेव्हा मेला नव्हता."

मग त्याने सांगितलं. घेवड्यातले खडे वेचावेत तसं, एक एक करून. थेंबो खाली कशाला तरी अडकला होता. त्याची हाक वर पोचत नव्हती, पण कमरेची नळी पोचत होती. तो तिसरा सूर द्यायचा, म्बुसा वरून चौथा द्यायचा. दुपारभर दोघं भाऊ असे बोलत राहिले. दोर अपुरा पडला. पाहुण्यांच्या म्होरक्याने म्बुसाला खालच्या झोपडीतून दुसरा दोर आणायला पाठवलं आणि बर्फ पडू लागला तशी बाकीची मंडळी दुसऱ्या वाटेने उतरून तळ्याकडे गेली. म्बुसा झोपडीत पोचला तेव्हा तिथे सहा हमाल शेकत बसले होते. त्यांतल्या म्हाताऱ्याने विचारलं, की अजून आवाज येतोय का. हो म्हटलं असतं तर सगळे उठले असते. त्या बर्फात, त्या उतारावर, त्याच घटकेला. आणि म्बुसाला पुढे होऊन वाट दाखवावी लागली असती.

"मी एकोणीस वर्षांचा होतो... मी नाही म्हणालो. तेवढाच शब्द. त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कुणीतरी माझ्या हातात गरम लापशी दिली. आणि मी ती खाल्ली, बीरा."

पाणी वाहत होतं. तिने विचारलं, "आणि केळ?"

"कोयता कंदावर चालेना. तो जिवंत होता, हे गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं. जिवंत माणसाचं मूळ कसं तोडायचं?"

बीराचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता, तो तिने काढून घेतला नाही. जवळही आणला नाही.

सूर तिसऱ्यांदा आला, आता अगदी जवळून. म्बुसाने कमरेची नळी काढली. त्या दिवसापासून त्याने ती ओठांना लावली नव्हती. मयताला सगळे वाजवायचे तेव्हाही तो नुसता धरून फिरायचा. फुंकर आधी कोरडीच गेली. मग सूर लागला. तिकडून तिसरा, इकडून चौथा. पायरीवर पाय पडावा तसा एक दुसऱ्यावर पडत गेला. बीराने हे दोन सूर लागोपाठ जन्मात ऐकले नव्हते. गावच्या गाण्यात तिथे नेहमी खड्डाच असायचा.

मग थांबलं. आणि गाईसारख्या खडकाच्या बाजूने एक तरुण चालत आला.

चोवीस-पंचवीसचा असेल. अंगावर गोणपाट, केस ओले, पाय अनवाणी. दंडात वेलीची विणलेली पाच कडी, आता कुणी घालत नाही तसली. तो येऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या गुडघ्यावर बर्फाचा चुरा होता आणि तो वितळत नव्हता.

बीराला वाटलं, पलीकडच्या काँगोच्या बाजूचा हमाल असेल. तिने त्याची विचारपूस केली, कुठल्या टोळीबरोबर आलास, बाकीचे कुठे राहिले. तो तिच्याकडे पाहत राहिला, फार वेळ, डोळे न हलवता.

"असा कसा रे आलास? पायात काही घाल, बाळा. बोटं गळतील," ती म्हणाली, आणि तिने आपली लोकरीची टोपी काढून त्याच्या ओल्या केसांवर चढवली. कानांवर नीट ओढून दिली. टोपी ओढताना तिचा हात त्याच्या कपाळाला लागला आणि ती एकदम थांबली. ते कपाळ ती रोज आरशात पाहत होती.

म्बुसाने पान सोडून दोन केळी पुढे केली. तरुणाने एक सोलून सावकाश खाल्लं. दुसरं गोणपाटाच्या घडीत नीट ठेवलं, घरी कुणासाठी न्यावं तसं.

"दादा," म्बुसा म्हणाला. "ते आवाज येतोय का विचारत होते... मी नाही म्हणालो."

तरुणाने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता. थोरल्याने धाकट्याकडे पाहावं, तेवढंच. मग तो उठला. ओझी दोन होती, हलकी पिशवी आणि जड टोपली. त्याने जड ते उचललं, पट्टा कपाळावर टेकवला, आणि चालू लागला. बर्फाकडे नव्हे. खाली, गावाकडे.

"बाबा," बीरा कुजबुजली, "तो आपल्या घराच्या वाटेनं..."

"जाऊ दे."

"आई एकटी आहे घरी."

म्बुसाने नळी कमरेला खोचली. त्याला तेव्हा कुठे आठवलं, की इथुंगूने विचारायला सांगितलं होतं ते विचारायचं राहून गेलं.

उतरताना बीरा पुढे चालली. दोन दिवस ती एक अक्षर बोलली नाही. मात्र चिखल आला की मागे न पाहता हात मागे करायची, आणि म्बुसा तो धरायचा. वाटेतल्या कोरड्या खडकांवर अनवाणी पावलं उमटलेली होती, ओली. ऊन पडलं तरी ती वाळत नव्हती.

तळ्याकाठच्या खडकावर एक लाल आडवी रेघ होती. खाली ठिपका.

"ही मी काढलेली नाही," बीरा म्हणाली. दोन दिवसांत तेवढंच.

बांबूच्या तोंडाशी पुन्हा एक रेघ. धन्याच्या खोपीपाशी दगडावर तिसरी. तिथला रंग बोटाला लागला. दरवर्षी बर्फाच्या कडेवर काढायची तीच खूण, एकेक मुक्काम खाली उतरत होती. बीराने बोट पानाला पुसलं आणि ती धावायलाच लागली. म्बुसाही धावला, जमेल तसा.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. आमच्या गावापर्यंत त्या दिवसांत धुकं कधी उतरत नाही. त्या दिवशी परसात उतरलं होतं, बर्फासारखं गार. टोपली ओसरीवर होती. इथुंगू दारात बसली होती, सणाचं लुगडं नेसून, केस विंचरून. तिच्या मांडीवर बीराची टोपी होती, आणि टोपीत केळीचं साल. छातीवर हात नव्हता. श्वास मोकळा चालला होता, मुलीसारखा.

म्बुसा तिच्यासमोर उभा राहिला. "विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "सांगितलं तेवढं."

इथुंगूने मान हलवली, जणू तेवढंच हवं होतं. कबरीवरची केळ आडवी पडली होती, घडासकट. तिच्या बुडाशी कमरेएवढा मुनवा उभा होता. जाताना तिथे काही नव्हतं. आणि कबरीच्या दगडावर, अजून ओघळत असलेली, लाल रेघ. खाली ठिपका.

धुक्यातून, केळीच्या मागून, तिसरा सूर आला.

म्बुसाचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. आता पाळी त्याची होती. हा सूर दिला तर थेंबो कुणाला घेऊन जाईल, हे त्याला कळत होतं. बीराने त्याचा दंड पकडला. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती मान हलवत होती, की नको. चुलीवर पाणी ठेवलेलं असावं. आत कुठेतरी ते गुणगुणत होतं.

अजून आवाज येतोय का, असं कुणी विचारलं असतं तर या वेळी म्बुसा काय म्हणाला असता, ते मी वेगळं सांगायला नको. त्याने नळी ओठांना लावली आणि आपला सूर दिला, पुरा, श्वास संपेपर्यंत.

इथुंगू उठली. कशालाही न धरता उठली. टोपी तिने बीराच्या डोक्यावर घातली, कानांवर ओढून दिली. म्बुसाच्या सदऱ्याची कॉलर मागे दुमडली होती, ती नीट केली. तिचा हात त्याच्या मानेवर एक क्षण राहिला. हात गार होता.

मग ती अनवाणी पायांनी पायरी उतरली आणि केळीकडे चालत गेली.